वयीपलीकडच्या तीन उंडी

१

जानकी मुणगेकरीण माहेरच्या लग्नाहून परत आली आणि तिला आपल्या भाटात आभाळ जास्त दिसलं.

हे तिचेच शब्द. मी दुकानात साखर जोखत होतो. ती पायरीवर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गणपतशेट, माझ्या भाटात आभाळ वाढलां." मला वाटलं, बाईला ऊन लागलं. पाणी दिलं. पाणी पिऊन तिने तांब्या खाली आपटला आणि मग नेहमीच्या आवाजात, म्हणजे व्हाळाच्या, वाडीतल्या ओढ्याच्या, पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात, सांगितलं की तिच्या तीन उंडी कोणीतरी बुंध्यापासून कापून नेल्या.

घाटावरच्या वाचकासाठी सांगतो. भाट म्हणजे घराभोवतीची झाडांची जमीन. उंडी हे आमच्या किनाऱ्यावरचं जाड पानांचं झाड. लाकूड होडीच्या कामाचं. बिया वाळवून घाण्याला घातल्या की काळपट, कडू तेल निघतं, त्याला उंडेल म्हणतात. साठ सालात आचऱ्याच्या खाडीतली होडी उंडेल चोपडल्याशिवाय पाण्यात उतरत नसे. आमच्या व्हाळवाडीत ते तेल काढणारी जानकी एकटी. तिचा नवरा मुंबईला गोदीत. आठवण झाली की मनिऑर्डर करायचा, आणि त्याची स्मरणशक्ती बेताची होती. तेव्हा जानकीची चूल कशावर पेटत होती हे वेगळं सांगायला नको. त्या तीन झाडांखाली ती बिया वेची. आता तिथे तीन बुंधे होते आणि ऊन होतं.

"कोणी नेली?" मी विचारलं.

"कोणी न्हेली ता तुमी शोधा. पंच कोण? मी?"

मी न्यायपंचायतीचा पंच होतो. माझी लायकी एवढीच की दुकान रस्त्यावर आहे आणि पुढे बसायला बाक आहे. चेअरमन भिकाजी मिठबावकर. सगळे त्यांना तात्या म्हणत. आयुष्यभर बंदरावर जकातीच्या नाक्यावर बसून त्यांनी गलबतांवरच्या तांडेलांच्या थापा ऐकल्या होत्या. निवृत्त होऊन घरी आले ते शांततेसाठी. शांतता मिळाली नाही. एरवी ते मालवणीत बोलत. चिडले की सरकारी मराठीत जात. त्यांच्या भाषेवरून त्यांचा पारा किती चढला ते मला तिथल्या तिथे कळायचं.

जानकी अजून संपली नव्हती. "आनी आमचो राखणदार! माझ्या बावीकडे, रातांब्याच्या मुळात बसलेलो. तेच्या म्होरे नारळ ठेवलेलो, विडो ठेवलेलो. खाल्ल्यान आनी गप बसलो! झाडां जाताना एक हाक तरी मारूची!" राखणदार म्हणजे भाट राखणारा देव; प्रत्येक भाटाला एक, जानकीचा तिच्या विहिरीशी.

"नारळ कोणी ठेवला?"

"जावेन ठेवलो असात. तिका दिवो लावूक सांगून गेल्लंय. गणपतशेट, नारळाचा काय घेवन बसलास? माझी झाडां!"

मी नारळाचं सोडून दिलं. आयुष्यात मी बऱ्याच चुकीच्या गोष्टी सोडून दिल्या आहेत; त्यातली ही एक.

२

दुसऱ्या दिवशी माझ्या बाकावर तिघे जण बसले होते, आणि तिघांच्या मध्ये एकेक माणूस बसेल इतकी जागा होती.

पहिला हरिश्चंद्र परुळेकर, आमचा हरिबापू, जानकीचा शेजारी. भाटाला भाट लागून. देवभोळा इतका की घरातून निघताना शिंक आली तर परत आत जाऊन पाटावर बसायचा, पाणी प्यायचा, मग निघायचा. पडशाच्या दिवसांत तो घराबाहेर पडत नसे. पण व्यवहारात तराजूची दांडी नेहमी स्वतःकडे झुकती. देवाला एक, माणसांना एक, अशी त्याची दोन खाती होती आणि ती त्याने कधी एकत्र केली नाहीत.

दुसरा गंगाराम, कणकवलीचा लाकडाचा ठेकेदार. बापूने आपल्या भाटातल्या उंडी त्याला होडीवाल्यांसाठी विकल्या होत्या. तिसरा गंगारामाचा मुकादम सत्यवान, हातात करवत घेणारा माणूस. त्याच्या एका डोळ्यावर फडकं बांधलं होतं.

जानकी खाली पायरीवर बसली होती. ती बाकावर बसली असती तर बाक रिकामा झाला असता.

"झाडां कोणाची?" तात्यांनी विचारलं.

"जानकीची," बापू म्हणाला.

"बाईंची," गंगाराम म्हणाला.

"म्हणजे ह्यात वाद नाय. मगे तोडूक कोणी सांगलां?"

आणि इथे तिघेही तीन दिशांना बघू लागले. तीन झाडं तिची, हे सगळ्यांना कबूल. ती तोडली गेली, हेही कबूल. तोडली गंगारामाच्या माणसांनी, तेही कबूल. फक्त ती तोडायला लावणारा माणूस जगात जन्मालाच आला नव्हता.

"मी गंगारामाक ह्या बोटान दाखवलंय," बापूने बोट वर केलं, जणू बोटालाच साक्षीला आणलं होतं. "शेराची वय दिसता मरे? ती माझी शीव. वयीच्या अलीकडला तुमचा, पलीकडे पाय ठेवशात तर तुमी आनी तुमचा नशीब."

शेर म्हणजे बोटभर जाडीच्या हिरव्या काड्यांचं झुडूप. आमच्याकडे त्याची वय, म्हणजे कुंपण, करतात. गुरं तोंड लावत नाहीत.

गंगाराम हसला. कणकवलीला मोटारस्टँड होता, हायवे होता. आमच्याकडे बघताना तो नेहमी हायवेवरून बघतोय असं वाटायचं. "तात्यासाहेब, वय होती कुठे? इकडे आहे, तिकडे आहे, मधे भगदाड. मोकळं रान. बापूंनी हात फिरवला आणि म्हणाले, ही सगळी झाडं. आमचा उक्ता व्यवहार. उक्त्यात झाडामागे भाव नसतो. दाखवलेलं तोडायचं आणि न्यायचं."

"भगदाड?" जानकी उठली. "माझ्या वयीतसून कोंबडी जावची नाय!"

"बाई आपल्याच बाजूनं बोलणार," गंगाराम म्हणाला.

"मगे काय तुझ्या बाजून बोलू?"

आम्ही जाऊन पाहिलं. वय दोन्हीकडे उभी, मधे मोकळी जागा, आणि त्या जागेवर राखेचा ढीग. फांद्या जाळल्या होत्या. बापूच्या म्हणण्याप्रमाणे राखेत वयही होती. गंगारामाच्या म्हणण्याप्रमाणे नव्हती. राख काही बोलली नाही.

"तोडूच्या झाडांवर चुन्याचो पट्टो मारतत, तो कोणी मारलो?" तात्यांनी विचारलं.

"बापूंनी," गंगाराम म्हणाला.

"तेच्या माणसांनी," बापू म्हणाला.

"ओंडके खंय आसत?"

"बंदरावर. साल काढून."

चुना सालीबरोबर गेला होता. तात्यांनी बुंध्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. "गणपतराव," ते म्हणाले, "सदर इसमांस उद्या पुन्हा हजर राहण्यास सांगावे."

सरकारी मराठी. मी समजलो.

३

दुसऱ्या दिवशी तात्यांनी बापूकडे बघितलं नाही, गंगारामाकडे बघितलं नाही. ते सत्यवानाच्या शेजारी जाऊन बसले.

"डोळ्याक काय झाला रे?"

"डोळे इलेत, तात्यानू. साथ आसा."

"खंयचो इलो?"

"ह्यो. डावो."

"आनी उजवो?"

सत्यवानाने उजव्या डोळ्याने गंगारामाकडे बघितलं. तो डोळा स्वच्छ होता, पाण्यासारखा.

"साथीत डोळे जोडीनं येतात," तात्या म्हणाले. "एकटा डोळा येताना मी अजून पाहिला नाही. हात दाखव."

हातावर मनगटापासून कोपरापर्यंत फोड होते, भाजल्यासारखे. जानकी वाकून बघत होती. तीच पहिल्यांदा म्हणाली, "ह्यो चीक! शेराचो चीक! मेल्या, ओलो शेर तोडताना तोंड फिरवूचा असता, ता तुका कोणी शिकवक नाय?"

शेराची काडी मोडली की दुधासारखा चीक उडतो. डोळ्यात गेला तर माणूस आठवडाभर भिंतीकडे तोंड करून बसतो. आमच्याकडची पोरंसुद्धा शेरापासून लांब खेळतात. आणि हिरवी वय तिथे नसेलच, तर सत्यवानाने चीक आणला कुठून?

"शेटनी सांगलां," सत्यवान घाईने बोलला. "वय मधी येता, ओंडके भायर काढूक वाट व्हयी, तोडा. मी तोडलंय. वय होती, तात्यानू. माझ्या छातीइतकी होती."

गंगारामाचा चेहरा उतरला. मग त्याने तो पुन्हा वर चढवला. "बरं, होती वय. पण बापूच म्हणाले, वय माझीच आहे, तोडा, पलीकडचीही माझीच!"

"काल वय नव्हती," तात्या म्हणाले. "आज वय आहे आणि ती बापूची आहे. उद्या काय आहे?"

बापू मांडीवर थाप मारून हसला. त्याचं गाडं आपोआप रुळावर आलं होतं. काल खोटं बोललेल्या माणसाचं आज कोण ऐकणार?

"लावा भरपाई माझ्यावर," गंगाराम शेवटी म्हणाला. "पण वसूल कशातनं करणार? करवती भाड्याच्या, खोली भाड्याची, गाडी भाड्याची. कणकवलीला या, चहा पाजतो."

जानकीने माझ्याकडे बघितलं. तिला हिशोब कळत नाही असं समजणाऱ्यांपैकी मी नाही. "म्हणजे झाडां गेली," ती म्हणाली, "आनी देणारो सापाडलो तोव असो, जेच्याकडे काय नाय. बरां केल्यात, तात्यानू. ह्यापेक्षा नाय सापाडलो असतो तर मी आशेर तरी रवलंय असतंय."

 तात्यांनी टोपी काढून बाकावर ठेवली.

"उद्या सकाळी सगळे जानकीच्या भाटात येवा. तिच्या राखणदाराकडे गाऱ्हाणा घालूया. जेना झाडां दाखवली, तेका तोच बघून घेतलो. मगेच कागद लिवया."

सत्यवान पांढरा पडला. त्याने तोडली होती, आणि राखणदार कोणाच्या हुकमावर कुऱ्हाड पडली ते विचारत बसतो की नाही हे त्याला माहीत नव्हतं. गंगाराम बाकावरून उठला. "ह्याची काय गरज? हे काय कायद्यात बसतं?" हायवे एकदम लांब गेला होता.

बापू सुपारी कातरत होता. "घाला, घाला," तो म्हणाला, "बरां होतला. देवाकडे जावदे." अडकित्ता एका लयीत चालला होता.

तात्या त्या अडकित्त्याकडे बघत राहिले. मी बापूकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, स्वच्छ माणूस असाच दिसतो.

४

"चल," तात्या म्हणाले, "नर्मदेकडे च्याय पिवया."

नर्मदावहिनी म्हणजे बापूची बायको. बापू त्यावेळी बाजारात गेला होता, आणि मला वाटतं तात्यांना चहापेक्षा तेच हवं होतं.

बापूच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, एक उंडी होती. वाडीतली सगळ्यात जुनी. तिच्या सावलीत वहिनी उकड्या तांदळासाठी भाताची उसवण घालायची, कुळीथ वाळवायची, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बसवून बापूबद्दल बोलायची.

"ह्या झाडाक हात नाय लावल्यानी तो?" तात्यांनी वर बघत विचारलं.

"लावूक बघी होतो तो कणकवलीचो. मी म्हटलां, आधी माका तोड. आमच्या भाटातली तरी काय होती? दोन बारीक, एक पोकळ. तेवढ्यावर ह्येंनी बयाणो घेतलो, आनी मगे रात्रभर कुशीवर कुशी. होडयेक जाड लाकूड लागता, तां खंयसून देवचा?"

मी बशी तोंडाला लावली होती, ती तशीच राहिली. तात्यांनी मात्र काही ऐकलंच नाही असं दाखवलं. "पण कामाच्या आधी राखणदाराक दिला मा सगळा? नायतर सत्यवान करवत लावचो नाय."

"दिला तर!" वहिनीचा आवाज चढला. हे दुखणं जुनं असावं. "दोन नारळ न्हेल्यानी. आमच्या किंजळीच्या झाडाखालच्या राखणदाराक एक. तेचा खोबरां घरात इलां, मी सोलकढी केलंय. दुसरो खंय गेलो? इचारलंय तर म्हणतत, देवाचा काम, बायल मनशान इचारूचा नाय. देवाचा काम तर परसाद घरात येवक नको? देव कवटीसकट खाता?"

तात्यांनी चहा संपवला. वाटेत जानकीच्या धाकट्या जावेच्या, तुळसाच्या, दाराशी थांबून विचारलं, राखणदारापुढे नारळ तिने ठेवला का? तुळसा म्हणाली, तिने फक्त तुळशीपुढे दिवा लावला. राखणदाराच्या बाजूला ती जात नाही, भीती वाटते.

"गणपत," तात्या पुढे म्हणाले, "उद्या मी गाऱ्हाण्यात काय बोललंय तरी तू व्हय म्हाराजा म्हण. आनी जानकीक सांग, तोंड बंद ठेव. तां तुका जमला नाय तर माका सांग, मी पोलीस बोलवतंय."

५

सकाळी रातांब्याखाली आम्ही सगळे अर्धगोल उभे राहिलो. राखणदार म्हणजे एक काळा दगड, जमिनीतून गुडघ्याएवढा वर आलेला. परक्या माणसाला तिथून दहादा गेला तरी दिसणार नाही. पुढे बावीचा कठडा आहे आणि वर रातांब्याच्या फांद्या. गंगाराम तर त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला होता. वहिनीने त्याला धरून वळवला.

तात्यांनी नारळ दोन्ही हातांत धरला. गाऱ्हाणं घालायची रीत अशी की एकाने बोलायचं आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी होकार द्यायचा. होकार म्हणजे सही. देवापुढची.

"बा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझ्या भाटात पंच जमलेत, शेजारी जमलेत, धंद्याची माणसां जमलीत..."

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या राखणीतली तीन झाडां तोडून न्हेली..."

"व्हय म्हाराजा!" सत्यवानाचा आवाज कापत होता. बापूचा खणखणीत.

"तोडताना तुका कोणी इचारूक नाय..."

"व्हय म्हाराजा!" ह्यावेळी एक आवाज कमी पडला. मी बाजूला बघितलं. बापूने ओठ चाटले.

"तुझ्या पायाकडे कोणी नारळ ठेवक नाय, विडो ठेवक नाय..."

जानकीने तोंड उघडलं. मी तिच्या पायावर पाय दिला. तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मला अजून आठवते, पण ती गप्प राहिली. आम्ही म्हणालो, "व्हय म्हाराजा!" बापूच्या तोंडून अक्षर फुटलं नाही. त्याच्या कपाळावर घाम होता.

"जेना ही झाडां दाखवली," तात्यांचा आवाज नाक्यावर गलबत थांबवावं तसा चढला, "तेना तुका उपाशी ठेवलो, फसवलो, तुझो मान बुडवलो..."

"नाय म्हाराजा!"

बापू पुढे धावला आणि दगडापुढे गुडघ्यांवर बसला.

"नाय म्हाराजा! खोटा! दिल्लो असा! नारळ दिल्लो, विडो दिल्लो, माझ्या हातान ठेवलंय! तुका ठावक असा म्हाराजा, ह्येंका ठावक नाय!"

मग तो थांबला. आपण हे कोणापुढे बोललो ते त्याला हळूहळू कळत गेलं. देवाच्या खात्यातली नोंद माणसांच्या खात्यात पडली होती, आणि ती त्याच्याच तोंडून.

नर्मदावहिनीने कमरेवर हात ठेवले. "गावलो," ती म्हणाली. "दुसरो नारळ."

६

बापूने हातपाय मारले, नाही असं नाही. "सहज दिल्लंय," तो म्हणाला. "शेजारधर्म."

"बस," तात्या म्हणाले. ते मालवणीतच बोलत होते, म्हणजे पारा उतरला होता. "इतकी वर्सां शेजारी ऱ्हवतंस. जानकीच्या राखणदाराक कदी कुडाची काडी दिल्लंस? आनी दिलंस तां केदवा? ती घराक कुलूप लावन माहेराक गेली तेव्हा. दुसऱ्याच्या राखणदाराक मान कोण देता? जेका दुसऱ्याच्या भाटातला काय न्हेवचा असता, तो. गंगारामाक हो दगड म्हायतच नाय. सत्यवानान तुझ्या किंजळीखाली गाऱ्हाणा ऐकलां, तेका तेवढा पुरे. तुळसा हय फिरकणा नाय. रवलो कोण?"

बापू दगडाकडे बघत होता.

"पण माका संशय इलो तो अडकित्त्यावरसून," तात्या म्हणाले. "तू शिंकेक घाबरणारो माणूस. गाऱ्हाण्याचा नाव काढलां, सत्यवान थरथरलो, गंगाराम कायदो इचारूक लागलो. आनी तू सुपारी कातरी होतंस. मी जन्मभर नाक्यावर बसलंय, बापू. जकात भरलेलो तांडेलच असो बसता. मी म्हटलां, ह्येना कसली जकात भरलेली असा आनी कोणाकडे?"

मी जिथे स्वच्छ माणूस बघितला होता, तिथे तात्यांनी हिशोब चुकता केलेला माणूस बघितला होता. एवढाच आमच्यात फरक, आणि तो मी मान्य करतो.

गंगाराम एकदम ताठ झाला. "म्हणजे मी खरं सांगत होतो! बापूंनीच दाखवली! मी सुटलो!"

आता तात्या पुन्हा सरकारी मराठीत गेले. "श्रीयुत गंगाराम, आपण सुटला नाहीत. छातीइतकी हिरवी वय समोर उभी. पलीकडे घर, बाव, माणसाचा वावर. पलीकडल्या घरात एक हाक मारून विचारावं असं आपल्याला वाटलं नाही? घर बंद होतं तर धनीण येईपर्यंत थांबावं असं वाटलं नाही? वर वय नव्हतीच असं आम्हाला सांगितलंत. दाखवणाऱ्याने बोट दाखवलं म्हणून तोडणाऱ्याची कुऱ्हाड आंधळी ठरत नाही. आणि आंधळी करायचीच होती तर ह्या गरिबाचा डोळा कशाला घेतलात?"

सत्यवानाने फडकं सारखं केलं. त्याच्यावर काही लावलं नाही. तो मजुरीचा माणूस, आणि त्याने आपल्या वाटणीचं आधीच भोगलं होतं.

निवाडा कागदावर मी लिहिला. खाली शेवटी जानकी, बापू आणि गंगाराम ह्या तिघांनी अंगठा-सही केली. बंदरावरचे तीन ओंडके जानकीचे; होडीवाल्याने ते तिच्याकडून घ्यायचे. वय तोडली तिथे गंगारामाने आपल्या माणसांकडून चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालून द्यायचा, आणि तो पुरा होईपर्यंत त्याच्या करवती माझ्या दुकानात राहायच्या. भाड्याच्या असल्या तरी. भाडं वाढतं तसा गडगाही वाढतो, हे मी अनुभवाने सांगतो. इतका भराभर चढलेला गडगा मी दुसरा पाहिला नाही.

राहिला बापू. लाकडाचं झालं, पण जानकी लाकडावर जगत नव्हती.

"माका बिया व्हयो," ती म्हणाली. "मी नवी रोपां लावतलंय. ती धरीपर्यंत माझो घाणो कशावर फिरतलो?"

सगळ्यांच्या नजरा न बोलता वहिनीच्या खळ्याच्या दिशेला वळल्या.

"माझ्या झाडाच्यो?" बापू ओरडला.

"देवया," वहिनी म्हणाली. "झाड माझा, मी देतंय. जानकेची रोपां धरीपर्यंत सगळ्यो बियो तिच्यो. पण वेचूक मी जावचंय नाय. जेनी नारळ न्हेलो तेनीच वेचूच्यो, तेनीच वाळवूच्यो, तेनीच तिच्या दारात न्हेवन घालूच्यो."

तात्यांनी मला लिहायची खूण केली. मी लिहिलं. जानकी तिथेच वळली आणि तात्यांकडे बोट केलं. "आनी तुमी! राखणदारापुढे खोटा बोललात! तेका कोणी काय देवक नाय म्हणून! दुसरो नारळ ठेवा, माफी मागा. माका ह्या भाटात ऱ्हवचा असा."

तात्यांनी मुकाट्याने दुसरा नारळ मागवला. माझ्याच दुकानातून.

सगळे पांगायला लागले, तरी बापू घोटाळत उभा. शेवटी तो तात्यांच्या जवळ आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "तात्या, एक इचारू? मी आधी दिल्लो तो नारळ... तो ह्यात वजा जातलो काय?"

तात्यांनी तोंड उघडलं. मालवणी आली नाही, सरकारी मराठीही आली नाही. मी त्यांना असं कधीच बघितलं नव्हतं.

उत्तर जानकीने दिलं. "तो राखणदाराकडसून मागून घे, बापू. माका तो पावक नाय."

त्यानंतर रोज सकाळी बापू खळ्यात वाकून बिया वेचताना दिसायचा. एकदा मी पहिल्या गिऱ्हाइकासाठी फळी उघडत होतो, तेव्हा त्याला शिंक आली. त्याने टोपली खाली ठेवली आणि पाटावर बसून पाणी प्यायला घराकडे वळला.

दारात नर्मदावहिनी उभी होती. आणि खळ्याच्या टोकाला, रिकामी टोपली घेऊन, जानकी.

बापूने दोघींकडे बघितलं, आणि परत वाकला.